खायचा नारळ

कुमुदनं नारळाची खवणी पुसून ट्रंकेत ठेवली, तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेल्याचं रंगनाथला कळलं. साड्या ट्रंकेत गेल्या असत्या तर समजूत काढता आली असती. पण रत्नागिरीची बाई खवणी बांधते म्हणजे ती संसारच आवरते.

रंगनाथ सुर्वे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर. कालव्याच्या कामावर त्याची मराठवाड्यात सोनपेठला बदली झाली आणि नवी नवरी त्याच्यामागोमाग या परमुलखात आली. मासे मिळत नाहीत, हे तिनं सोसलं. उकडा तांदूळ मागितल्यावर वाण्यानं "बिघडलेला माल आमी ठिवत न्हाई" म्हणून सांगितलं, तेही पोटात घातलं. बरोबर आणलेलं कोकमाचं आंबट आगळ संपलं त्या दिवशी मात्र ती रडली. आणि आज तिनं शेवटचं सांगितलं होतं.

"माझा भाऊ दुबईत राहतो. वाळवंटात. त्याला मेल्याला रोज नारळ मिळतो, आणि मी महाराष्ट्रात राहून सुकं खोबरं चघळू? संध्याकाळपर्यंत नारळ आला तर ठीक. नाहीतर सकाळची एसटी माझी."

रंगनाथ पिशवी घेऊन तडक किशनरावांच्या किराणा दुकानात गेला. कोपऱ्यात नारळांचं पोतं चांगलं तोंडापर्यंत भरलेलं होतं. ते बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"चार नारळ द्या."

"कोन्या देवाला, सायब?"

"देवाला नाही. खायला."

किशनरावांनी तागडी खाली ठेवली. "खायला खोबरं असतंय की. ह्ये बघा, मस्त वाळलेलं."

"वाळलेलं नको. ओलं हवं. भाजीत, आमटीत घालायला."

"आमटीत नारळ?" किशनराव हळू आवाजात म्हणाले. "सायब, नवस बोलला असाल तर कोनाला सांगू नका, माझी काई हरकत न्हाई. पर देवाच्या मालाची अशी थट्टा करू न्हाई."

रंगनाथनं पुष्कळ समजावलं. आमच्याकडे घरामागं झाडंच असतात, सकाळ-संध्याकाळ नारळ लागतो, असं सगळं सांगितलं. किशनराव ऐकून घेत होते, पण पोत्याला हात लावायला तयार नव्हते. शेवटी वैतागून रंगनाथ म्हणाला, "बरं, देवाला द्या. मारुतीला."

"मग असं म्हना की." किशनरावांनी एक नारळ निवडला, त्यावर कुंकवाची पुडी, कापूर आणि उदबत्त्या ठेवल्या. "एका मारुतीला एक बास. चला, मी बी येतो. आज दर्शन ऱ्हायलंय माझं."

आता नको म्हणायची सोय उरली नव्हती. मारुतीच्या देवळात पुजारी बन्सीधरनं नारळ हातातून घेतला, तो एका फटक्यात फोडला, पाणी देवाच्या पायांवर घातलं आणि खोबऱ्याचे तुकडे करून जमलेल्यांना वाटले. रंगनाथच्या तळहातावर नखाएवढा तुकडा आला. एवढ्याशा तुकड्यावर बायको थांबेल की नाही, याचा विचार करताना त्याचा संयम सुटला.

"अहो, माझ्या बायकोला खायला हवा होता तो," तो भर सभामंडपात ओरडला. "आज ओलं खोबरं मिळालं नाही तर ती उद्या माहेरी जाणार आहे."

शेजारच्या मालनबाई प्रदक्षिणा घालत होत्या, त्या थांबल्या.

"कवापासून करायलीय असं?"

"आल्यापासून. जेवण जात नाही, उगीच चिडचिड करते."

"अन् आंबट?"

"आंबटासाठी तर परवा रडलीसुद्धा."

मालनबाईंनी किशनरावांकडे पाहिलं. किशनरावांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "सायब," ते गहिवरून म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई का? मघाशी मी लय बोललो तुमाला."

"मग आता द्या की चार नारळ."

"तुमी कशाला घ्यायचे? त्ये आमी बघतो."

म्हणजे यांचंही आपण ऐकून घ्यायचं आणि हात हलवत घरी जायचं. रंगनाथचं डोकं फिरलं. तो कालव्याच्या चौकीवर गेला आणि चौकीदार मुंजाजीला परळीहून नारळ आणता येईल का विचारू लागला. मुंजाजी म्हणाला, वैजनाथाचा नारळ बी फोडूनच देत्यात. दिवेलागणीला रंगनाथ पाय ओढत घरी आला.

दारात चपलांचा ढीग होता. आत पाटावर कुमुद बसली होती आणि आळीतल्या बायका एकेक करून तिची ओटी भरत होत्या. प्रत्येकीच्या ओटीत एक नारळ. कोपऱ्यात त्यांची रास झाली होती. किशनरावांचं पोतं आज रिकामं झालं असणार.

बायका गेल्यावर रंगनाथनं दार लावून घेतलं. "तू त्यांना खरं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं. तसलं काही नाही म्हटलं. तर मालनबाई म्हणाल्या, पयल्या खेपंला समद्या असंच म्हनत्यात." तिनं ट्रंक उघडून खवणी बाहेर काढली. "सातव्या महिन्यात पुन्हा ओटी भरतात म्हणे. सगळं गाव."

"अगं पण कुमुद, नऊ महिन्यांनी या लोकांना दाखवायचं काय? पोर कुठून आणू मी?"

कुमुदनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"तुम्हाला भरल्या पोत्यातून एक नारळ आणता आला नाही," ती म्हणाली. "या खेपेला मी स्वतः लक्ष घालीन."

आणि ती खोबरं खवायला बसली.