जावईबापूंनी धरलेली भिंत

"साहेब, ही फळी वर दाबून धरा. सोडू नका हं, सगळं खाली येईल. मी पाचरी घेऊन आलोच!" असं म्हणून मिस्त्री जो गेला तो गेलाच.

जावईबापू भिंतीत पाडलेल्या भगदाडात दोन्ही हात वर करून उभे राहिले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई दोन दिवसांत राहायला येणार होत्या. त्यांनी हाक मारली की चटकन जाता यावं, म्हणून बेडरूममधून त्यांच्या खोलीत दार काढणं चाललं होतं. पण आता दाराचं कुणाला पडलंय? 'सगळं' म्हणजे नेमकं काय, हे विचारायचंच राहिलं होतं. आणि वर तर अख्खे तीन मजले होते!

दहा मिनिटांत दंड भरून आले. नाकावर चिमूटभर धूळ पडली आणि जावईबापू ओरडले,

"अगं ए, इकडे ये! नको, येऊ नकोस! बाहेर पळ!"

बायको साबणाच्या हातांनीच धावत आली. "अहो, झालं काय?"

"घर माझ्या हातांवर आहे! वरच्या काकांना फोन कर. म्हणावं, चालू नका."

काका पाय वर घेऊन पलंगावर बसले. पाचच मिनिटांत त्यांचा उलट फोन आला, "शिंक आली तर काय करू?" मिस्त्रीला फोन लावला, तर तो त्याच्याच पिशवीत वाजला.

बायकोला रडूच फुटलं. खुर्चीवर चढून तिनेही फळीला हात लावला. "मी नाही जायची कुठे. पडलं तर दोघांवर पडू दे."

जावईबापूंना भरून आलं. "मनात ठेवून मरायचं नाही मला. तुझ्या आईचा फोन आला की मी अंघोळीला जायचो ना?"

"हो."

"अंघोळ नसायची गं ती. नळ सोडून स्टुलावर बसायचो. नऊ वर्षं."

बायकोने खांद्याला डोळे पुसले. "आधी जगा. मग बघते."

तेवढ्यात मिस्त्री उगवला. "अजून दाबूनच उभे? अहो, वर चार सुट्या विटा आहेत. ही नुसती आडोशाची भिंत. घराचा भार खांबांवर."

"मग सगळं खाली येईल म्हणालात ते?"

"चारही आल्या असत्या की!"

मिस्त्रीने पाचरी ठोकल्या. घर तसूभरही हललं नाही. बायको मात्र खुर्चीवरून सावकाश खाली उतरली.

"ताई, चौकट उद्या बसवतो. दाराला कडी कुठल्या बाजूने लावू?"

"फक्त आईच्या बाजूने," ती म्हणाली. "आणि बाथरूमची आजच काढून टाका."