वर्लिन स्टुबनर यांचे कार्बाइनीनें डावी वाट सोडिली, त्याची हकीकत

अमेरिकेंत विस्कॉन्सिन प्रांतीं ब्रॅम्बल फॉल्स म्हणून कसबा, तेथील नेमबाज मंडळीचे मैदानीं जी रणधुमाळी जाहली तिची खबर लोकांत विपरीत पसरली. कोणी म्हणती दैवयोग, कोणी म्हणती लबाडी. सबब खरें वर्तमान यथास्थित लिहिणें प्राप्त जाहलें. वाचतां हंसूं आल्यास खुशाल हंसावें, परंतु मध्येंच सोडून उठूं नये.

वर्लिन स्टुबनर म्हणून बहाद्दर, चीजचे कारखान्यांत उमर घालवून आतां घरीं बसून होते. त्यांपाशीं रशियाचे फौजेनें मोडींत काढिलेली कार्बाइन होती. आखूड नळीची, बार काढी तो तोफेसारिखा, आणि तोंडांतून आगीचा लोळ ऐसा निघे कीं शेजारचा नेमबाज आधीं आपल्या मिशा चांचपी आणि मग निशाण पाही. ही बंदूक वर्लिन व त्यांचे वडील बंधु मर्ल यांनीं हार्डवेअरचे दुकानांत पिंपांतून, वंगणानें माखलेल्या ढिगांतून, उभयतांचे मसलतीनें निवडिली होती. पुढें मर्ल देवाघरीं गेले आणि बंदूक वर्लिन यांकडे राहिली.

तीस एकच खोड होती. नेम मध्यावर धरावा आणि गोळी डावीकडे जावी. श्वास रोखिला तरी डावीकडे, सोडिला तरी डावीकडे. आणि अदमासानें उजवीकडे धरावें तर एक गोळी कागदाचे कडेस, दुसरी निशाणामागील मातीचे बांधांत. कानस लावून फौजी हत्यारांत फेरफार करावा तर मंडळीचे कायद्यानें मना. ऐसीं कित्येक सालें बहाद्दरांनीं बांधाशींच लढाई दिली आणि बांध जिंकला.

याउलट रस्त्यापलीकडील शेजारी ऑरिन हौगेस्टाड, ट्रॅक्टर दुरुस्त करणारे मातब्बर, यांपाशीं स्वित्झर्लंडची कार्बाइन. तिच्या साऱ्या गोळ्या दुधाचे बाटलीचे बुचाखालीं झांकाव्या ऐशा जवळजवळ बसत. मंडळीचे सालाबादचे शर्यतींत ते जिंकत आणि मौन धरीत, आणि तें मौन वर्लिन यांस गोळीहून अधिक लागे.

मग मैदानाच्या कारभारीण बर्नाडीन लुट्झ बाई यांचें फर्मान सुटलें कीं, यंदाही रशियन कार्बाइनीनें बांधच फोडिला तर ती इतमामानें मंडळीचे दिवाणखान्यांत भिंतीवर टांगावी आणि स्टुबनर यांनीं मंडळीची बंदूक वापरावी. तमाम सभासदांनीं माना डोलाविल्या. वर्लिन यांस मात्र तें मानवलें नाहीं. कां कीं पिंपांतून ती उचलिली मर्ल यांनीं, "हीच घे, हिचा चेहरा प्रामाणिक आहे" म्हणून. ती भिंतीस लागली तर मर्ल यांस पारख नव्हती हें जगजाहीर होणार.

युद्धाचे आदले दिवशीं बहुत दारूगोळा खर्चून सराव केला, तो सारा डावीकडे. खासे घरीं परतले तों अंगणांत त्यांची बायको लोर्ना निखारे पेटवून सॉसेज भाजावयाचे तयारींत. वर्लिन यांनीं रिकामी बंदूक टेबलावर आदळून जाहीर केलें कीं हें हत्यार सॉसेज भाजण्याचेच लायकीचें.

लोर्ना म्हणाली, "मग आण इकडे. मला चिमटा सापडत नाहीये."

आणि तिनें बार उडूं नये म्हणून खटका काढविला, नळीस मिटून असलेली संगीन उघडिली, तीवर सॉसेज टोंचिले आणि खरपूस भाजिले. जेवण उत्तम जाहलें, परंतु तापल्यामुळें संगिनीची बिजागरी ऐसी अडकली कीं तेल, हातोडा, शिव्या, कोणताही उपाय चालेना. दुसरे दिवशीं वर्लिन हातभर संगीन पुढें काढून मैदानीं दाखल जाहले.

तेव्हां लोकांत हंशा पिकला. एक जण म्हणाला, "काय हो, गोळी लागत नाही म्हणून यंदा निशाणाला भोसकायचं ठरवलंत का?" कोणी हरकत घेतली कीं हें नियमांत बसत नाहीं. बर्नाडीन बाईंनीं निवाडा दिला कीं फौजेनें दिली तशी बंदूक असावी हा नियम, आणि संगीन फौजेनेंच दिली. सबब हरकत रद्द, आणि हंसणारांनीं रेषेमागें उभें राहून हंसावें.

मग वर्लिन पोटावर पडले, मर्ल यांचें स्मरण केलें आणि चाप ओढिला. बार जाहला, धूर विरला. बाईंनीं दुर्बीण लाविली, कांच पुसून पुन्हां लाविली आणि म्हणाल्या, "परत मार बघू."

परत मारिली. तीही काळ्या वर्तुळांत. मग पुढचीही, आणि हंशा हळूहळू थांबला. एक गोळी तेवढी भरकटली, परंतु तीही कागदावरच. हौगेस्टाड नेहमीप्रमाणें अव्वल राहिले, स्टुबनर दुसरे आले. आणि टाळ्या दुसऱ्यास अधिक पडल्या.

तेव्हां हौगेस्टाड चष्मा पुशीत जवळ आले. "रशियात हिचा नेम संगीन उघडी ठेवूनच लावत. मिटली की गोळी डावीकडे जाणारच."

वर्लिन उठून बसले. "तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"इतकी वर्षं? आणि बोलला नाहीस?"

"मर्ल गेल्यावर तू कुणाकडे जायचा बंद झालास," ऑरिन म्हणाले. "हरलास की तेवढा माझ्या ओसरीवर यायचास, संध्याकाळभर भांडायला. म्हटलं, चाललंय ते बरं चाललंय."

वर्लिन यांचा चेहरा बिटासारिखा लाल जाहला. ते बंदूक उचलून निघून गेले. लोर्ना हिनें हें ऐकून ऑरिन यांस शिक्षा फर्माविली कीं शर्यतीनंतरचे मेजवानीचीं सारीं भांडीं एकट्यानें घासावीं, आणि त्यांनीं तीं निमूटपणें घासिलीं.

दिवस कलतां वर्लिन रस्ता ओलांडून शेजाऱ्याचे ओसरीवर गेले आणि खुर्ची ओढून म्हणाले, "ती भरकटलेली गोळी वाऱ्यानं गेली."

"वारा नव्हता," ऑरिन म्हणाले, आणि बिअरची दुसरी बाटली आणावयास उठले.

येणेंप्रमाणें कार्बाइन भिंतीपासून बचावली, मर्ल यांची पारख खरी ठरली, आणि मोहीम फत्ते जाहली म्हणून येथें नोंदिलें असे. वाऱ्याविषयींचा तह मात्र आजतागायत जाहला नाहीं. व्हावा ऐसी उभय पक्षांची मर्जीही दिसत नाहीं.