एकदा वाजली की थांबायचं

त्या दुपारी दारावरची बेल सारखी वाजत होती आणि वाजवणारे घरचेच होते. बाबा उंबऱ्यात उभे राहून बटण एकदा दाबायचे, की बुलडॉगचं पिल्लू जागच्या जागी बसायचं. दोनदा दाबलं, की सुसाट सुटायचं. उभा जन्म कंडक्टरकीत गेलेल्या माणसाला शिकवायची दुसरी रीत माहीत नव्हती.

"बाबा, डोकं उठलं माझं!" लेक आतून ओरडली. "चारचौघांसारखं 'ये', 'थांब' शिकवा ना त्याला."

"अगं, तोंडाने ओरडलेलं कोणी ऐकत नाही. बेल मात्र ड्रायव्हरसुद्धा ऐकतो."

पिल्लू आणायला गेले तेव्हा सगळ्यांना एक गुबगुबीत, सुरकुत्यांचं गाठोडं आवडलं होतं. बाबांनी एकेका पिल्लाच्या नाकाशी कान नेला, अंगणात पळवून पाहिलं आणि न घोरणारं, मोकळ्या नाकपुड्यांचं हे किडमिडीत उचललं.

"निवड बरी आहे ना गं?" ते रोज विचारत.

"बघू," ती रोज म्हणे. त्या दिवशीही म्हणाली.

दुसऱ्या सकाळी बाबा उठलेच नाहीत.

अंत्यसंस्कार उरकले आणि भेटायला माणसं येऊ लागली. दार लवकर उघडेना म्हणून आत्याने बेल दोनदा दाबली. पिल्लू सुटलं ते टीपॉय उलथवून, चहाच्या कपांसकट थेट दादाच्या साहेबांच्या मांडीवर. कप फुटल्याचा आवाज ऐकून शेजारचे काका धावत आले. सभ्य माणूस, दार उघडं असूनही त्यांनी बेल वाजवली. दोनदा. नुकतीच रडायला बसलेली आत्या उरलेलं रडणं खुर्चीवर उभी राहून रडली.

"हे ध्यान आजच्या आज परत जाणार!" दादाने फर्मान सोडलं आणि विकणाऱ्याला फोन लावला.

संध्याकाळी तो आला. पिल्लाच्या छातीला कान लावून म्हणाला, "दिवसभर धावतंय म्हणता, पण धाप नाही बघा. ते गुबगुबीत होतं ना, त्याला श्वास पुरेना. नाकाचं ऑपरेशन करावं लागलं. तुमच्या बाबांचा कान पक्का."

 तो पट्टा धरून निघाला. पिल्लू मागे वळून बघत पायऱ्यांपर्यंत गेलं.

लेकीने उंबऱ्यात येऊन बटण दाबलं. एकदाच.

पिल्लू मटकन खाली बसलं. विकणाऱ्याने ओढलं, चुचकारलं, पुन्हा ओढलं. सिमेंटचं पोतं तरी हललं असतं.

"अगं, काय चालवलंयस हे?" दादा ओरडला.

तिचं बोट अजून बटणावरच होतं.

"निवड चांगली होती, बाबा," ती म्हणाली. "फार चांगली होती."