चौदाव्या खंडात म्हातारा उठतो

"पोरांशी बोलायला फार अक्कल लागत नाही. त्यांना आवडतं ते वाचायचं, बस्स!" बळवंतरावांनी बायकोला ठणकावलं.

रुचिता पुढच्या महिन्यात कॉलेजसाठी दिल्ली सोडून पुण्याला जाणार होती आणि गेली दोन वर्षं ती वडिलांशी नुसत्या मान डोलावण्यावर भागवत होती. बोलायची ती जपानी चित्रकथांवर, म्हणजे 'मांगा'वर, तेही मैत्रिणींशी. म्हणून शनिवारी पोरगी करोल बागेत खरेदीला गेल्यावर बळवंतरावांनी तिच्या बॅगेवरचा खंड उचलला. चौदावा!

"अहो, आणि आधीचे तेरा?" कुमुदताईंनी विचारलं.

"नव्या सेक्शनला बदली झाल्यावर मी कधी पहिल्या पानापासून फाइल वाचलीय? मधूनच उचलायची आणि चालवायची!"

उघडताच पहिल्या पानावर इंग्रजीत ठळक अक्षरांत 'थांबा!' अशी सूचना होती. खाली बाण, आकृत्या, बारीक मजकूर. मंत्रालयात अशी परिपत्रकं ढिगानं येतात. बळवंतरावांनी न वाचता कोपऱ्यात तारखेसह छोटी सही ठोकली आणि पान उलटलं.

पुढे एक म्हातारा जादूगार छातीत तलवार घेऊन मरून पडला होता. भोवती रडारड. दोन पानांनंतर मेलेला म्हातारा चक्क बोलायला लागला! मग त्याच्या शिष्येनं तलवार अलगद ओढून काढली, म्यान केली, आणि म्हातारा ठणठणीत! जळका किल्ला विझत विझत नवा कोरा झाला. माणसं आधी उत्तर देत, मग समोरचा प्रश्न विचारी. बळवंतराव पार चक्रावले. पण संसदेच्या प्रश्नांचं काम केलेल्या माणसाला त्यात फारसं वावगंही वाटेना. शेवटच्या पानावर गुरु-शिष्या नदीकाठी मासे भाजत बसले, तेव्हा बळवंतरावांना चष्मा पुसावा लागला.

जेवताना त्यांनी सहज सोडून दिलं, "तुझा चौदावा खंड वाचला. फर्स्ट क्लास!"

"बाबा, तुम्ही? मांगा?" रुचिता चक्क हसली.

बळवंतरावांना स्फुरण चढलं. "सुरुवातीला तो म्हातारा मेलेला असतो ना..."

"गुरुजी मरतात?" रुचिता किंचाळली. "मी उघडलापण नाहीये तो! हॉस्टेलवर वाचायला ठेवला होता, यार!"

"अगं, मी फक्त सुरुवात सांगतोय! शेवट बिल्कुल सांगणार नाही!"

"अहो, गप्प बसा!" कुमुदताई म्हणाल्या.

"पण तो वाचतो गं! ती शिष्याच तर तलवार बाहेर काढते!"

रुचितानं धावत जाऊन पुस्तक आणलं, उघडलं आणि कपाळाला हात लावला. "बाबा! हे उजवीकडून डावीकडे वाचतात! तुम्ही मागून पुढे वाचलंत! म्हणजे शिष्येनंच मारलं त्यांना? इथं एवढं मोठं लिहिलंय, आणि खाली तुमची सही आहे!"

"सही आहे म्हणजे वाचलं नसणारच," कुमुदताईंनी आमटी वाढत खुलासा केला.

मग रुचिता सुटली! बाबांनी नेमकं काय नासवलं हे त्यांना कळावं म्हणून तिनं पहिल्या खंडापासून सुरुवात केली. शिष्या कोण, तिचा भाऊ कुणी पळवला, ड्रॅगन गुरुजींचा मिंधा का. आमटी गार झाली, पोळ्या वातड झाल्या. बळवंतराव अपराधी चेहऱ्यानं ऐकत होते. तो चेहरा टिकवायला त्यांना फार कष्ट पडत होते.

तेराव्या खंडापाशी ती दम घ्यायला थांबली. "कळलं का काही?"

"अजिबात नाही," बळवंतराव घाईघाईनं म्हणाले. "पहिल्यापासून सांग!"