म्हाताऱ्या बैलाचं जर्मन

पायलची जर्मनीतली नोकरी दोन शब्दांत अडकली होती. 'लेरन' म्हणजे शिकवणं आणि 'लेर्नन' म्हणजे शिकणं. यवतमाळात नर्सिंग केलेली, सुईला न घाबरणारी ही पोरगी या दोन शब्दांपाशी आली की घसरलीच! सराव परीक्षेत ती ऐटीत म्हणाली, "मी सहा महिन्यांपासून जर्मन शिकवते." मोबाईलवरून परीक्षा घेणारी बाई म्हणाली, "अरे वा! मग मलाही शिकवा."

तेव्हापासून पोरगी जेवेना. "आता तोंडी परीक्षा हाये, बाबा," ती म्हणाली. "तिथंही असंच झालं तं गेली नोकरी."

"कायले रडते?" डोमाजी म्हणाला. "आपला म्हातारा बैल नव्या गोऱ्ह्याले डवरणं शिकवून राह्यला का नाई? मंग म्हातारा लेरन, गोऱ्हा लेर्नन. उभा दिसन थो लेरन, बसलेला दिसन थो लेर्नन. संपला विषय!"

गोऱ्ह्याला बसायची खोडच होती. डवरा, म्हणजे तण काढायचं कोळपं, ओढत चार पावलं चालला की कपाशीत बसकण मारायचा. पण इलाज लागू पडला. "चाल रे लेरन! ऊठ बे लेर्नन!" असं डोमाजी दिवसभर ओरडायचा आणि पायल वावराच्या कडेला धुऱ्यावर बसून बैलांकडे पाहत वाक्यं जुळवायची. एकही चुकेना. तिची आई सत्यशीला मात्र कपाळाला हात लावून म्हणायची, "पोरगी जाईन तेव्हा जाईन, बैल आधीच जर्मनीत गेले!"

परीक्षा होती मोबाईलवर, आणि रेंज मिळायची फक्त वावरातल्या निंबाखाली. पायल नवा ड्रेस घालून तिथे बसली. समोर डोमाजीचं डवरणं चालूच होतं. सुरुवातीला सगळं झकास झालं. मग जर्मन मॅडमनी विचारलं, "वॉर्डात नवी नर्स आली तर तुम्ही काय कराल?"

शिकवीन! पण कोणता शब्द? पायलने हळूच बैलांकडे पाहिलं.

दोघंही बसले होते.

इतके दिवस गोऱ्ह्याची चैन पाहून म्हाताऱ्यालाही ती पटली असावी. पायल या बैलाकडून त्या बैलाकडे पाहू लागली. तेवढ्यात डोमाजी गरजला, "अबे लेरन! तुले शिकवाले ठेवलं, तू काहून शिकून राह्यला बे?"

मॅडम दचकल्या. "लेरन? तिकडे कोण ओरडतंय?"

आता लपवायचं तरी काय? पायलने मोबाईल बैलांकडे फिरवला आणि रडवेल्या जर्मनमध्ये सगळं सांगून टाकलं. म्हाताऱ्याने शिकवायचं, गोऱ्ह्याने शिकायचं, असं ठरलं होतं. पण गोऱ्ह्यानेच म्हाताऱ्याला बसायला शिकवलं आणि मेला म्हातारा शिकला की हो!

मॅडम चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. "दोन्ही शब्द इतक्यांदा वापरलेत, एकदाही चुकला नाहीत. पास!"

पायल नाचतच घरी पळाली. सत्यशीला नवऱ्याचं तोंड गोड करायला साखर घेऊन वावरात आली, तर डवरा आडवा पडलेला, दोन्ही बैल बसलेले आणि त्यांच्या मधोमध डोमाजी पाय पसरून आडवा.

"अवो, आभाळ भरून आलं! डवरणं कोण करन? तुमाले काय झालं?"

"गडबड नको करू," डोमाजी डोळे न उघडताच म्हणाला. "मी लेर्नन करून राह्यलो."