एक नंबरचा पिचर

लेकीचं लग्न आठवड्यावर आलेलं असताना कल्याणराव सर दुपारी जेवून दिवाणावर आडवे झाले, ही त्यांची पहिली चूक. उशाशी मोबाइल ठेवला, ही दुसरी. परळीच्या एका शाळेत आयुष्यभर शिट्टी फुंकून निवृत्त झालेल्या या क्रीडाशिक्षकाला आता जगाकडून फक्त दुपारची झोप हवी होती, आणि जग नेमकं तेवढंच द्यायला तयार नव्हतं.

मोबाइल किणकिणला. शाळेच्या जुन्या बेसबॉल खेळाडूंच्या ग्रुपवर रविचा मेसेज होता. रवि पूर्वीचा कॅचर, सध्या पुण्यात. तिथं त्याला काम काय होतं देव जाणे, पण वेळ भरपूर होता. त्यानं लिहिलं होतं, 'सर, अमेरिकेत लोक पिचरच्या सगळ्यात भारी सीझनची क्रमवारी लावतात. आपल्या शाळेत मॅच सुरू करणाऱ्या पिचरमध्ये कुणाचा सीझन सगळ्यात भारी? पहिले तीन सांगा.'

सरांच्या शाळेचा सीझन म्हणजे तालुका, तालुका जिंकला तर बीडला जिल्हा, आणि नशीब फारच जोरात असलं तर विभाग. पिचरला, म्हणजे बॉल टाकणाऱ्याला, उभं राहायला जो उंचवटा लागतो तो सरांनी थर्मलची, म्हणजे परळीच्या वीज केंद्राची राख आणून केला होता. प्रत्येक बॉलबरोबर राख उडायची आणि मॅच संपेपर्यंत पिचर डोक्यापासून पायापर्यंत करडा होऊन जायचा. त्यामुळं सरांना सगळे पिचर सारखेच दिसायचे. शिवाय झोप आली होती. त्यांनी एका डोळ्यानं टाइप केलं, 'एक हनुमान, दोन सोमेश्वर, तीन बंकट,' आणि कूस बदलली.

आता हे तिघं कोण ते सांगायला हवं. हनुमानचं मंगल कार्यालय होतं. सोमेश्वर मांडव आणि स्टेज बांधायचा. बंकट आचारी होता, आणि सिरसाळ्यापासून धर्मापुरीपर्यंत त्याच्या बुंदीचं नाव होतं. सरांची लेक अपेक्षा, तिच्या लग्नाचं सगळं या तिघांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. "सर, तुमी फकस्त अक्षता टाकायला या," असं ते म्हणाले होते, आणि त्या भरवशावरच सर आडवे झाले होते.

डोळा लागला न लागला तोच फोन वाजला. शिट्टीनं कान गेल्यामुळं सरांचा फोन कायम स्पीकरवर असायचा.

"सर, बंकट बोलतोय. तिसरा कावून?"

"कशात रे?"

"सीझनमधी! अंगात ताप असताना टाकलंय मी. इसरलात व्हय? आन् त्या सोमेश्वरच्या खाली ठिवलं मला?"

"अरे, सहज लिहिलं. बुंदीचं सामान आलं का?"

"बघू," म्हणून बंकटनं फोन ठेवला.

आपल्याकडं कामाला कुणी नाही म्हणत नाही. नाही म्हणणं उद्धटपणाचं. माणूस 'बघू' म्हणतो, आणि ऐकणारा मुकाट्यानं दुसरा माणूस शोधायला लागतो. पण ऐन लग्नसराईत दुसरा आचारी कुठून आणायचा? सरांच्या पत्नी शिवकांताबाई स्वयंपाकघरातून ताडकन बाहेर आल्या.

"बघू म्हणला त्यो? आवो, पाव्हणे जेवतेल काय? तुमची शिट्टी?"

सर उठून बसले. चष्मा लावून त्यांनी नवी क्रमवारी टाकली. 'बंकट एक, हनुमान दोन, सोमेश्वर तीन. आधीचं चुकून पडलं.' बंकटनं लगेच हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मागोमाग बेसनाच्या पोत्यांचा फोटो. सरांनी चष्मा काढायला हात वर नेला, तो हनुमानचा फोन.

"सर, जेवण करेस्तोवर मी एक नंबर व्हतो. पान खाऊन आलो तर दोन! माझा सीझन तेवढ्यात नासला का?"

"तसं नाही रे हनुमान."

"न्हाई, तुमी म्हणाल ते खरं. आपल्या कार्यालयाच्या जनरेटरचं जरा काम निघालंय. बघू."

सोमेश्वरनं फोनसुद्धा केला नाही. त्याचा दुखावलेला आवाज ग्रुपवरच आला. 'दोनावरून तीनावर आलो. चालतंय. स्टेजचे खांब अंबाजोगाईला गेलेत, कवा येतेल ते बघू.'

"मी म्हणते, समद्यायलाच पयला करा की!" शिवकांताबाई म्हणाल्या. "काय लागतंय त्याला?"

सरांनाही ते पटलं. त्यांनी लिहिलं, 'तिघंही पहिले.' यावर मात्र तिघं एकाच वेळी भडकले. त्या दोघांच्या बरोबरीनं बसवून सरांनी आपला अपमान केला, असं प्रत्येकाचं म्हणणं पडलं. वर रविनं पुण्यातून विचारलं, 'सर, अशी क्रमवारी नसते. निकष काय?' हा फोन नेऊन राखेच्या ढिगाऱ्यात पुरावा, असं सरांना मनापासून वाटलं.

संध्याकाळी तिघंही घरी हजर झाले आणि बैठकीत तीन कोपरे धरून बसले.

"मी विभागापोतर गेलतो," हनुमाननं सुरुवात केली.

"गेलतास, पर कसा?" सोमेश्वर म्हणाला. "समोरच्या टीमा आल्याच न्हाईत. बाय घेत घेत गेलास बे!"

"आन् तू? तुझा बॉल निम्म्या टीमच्या अंगावर बसला. भ्यानं कुणी बॅटच फिरवंना."

"त्याला दहशत म्हणत्यात."

"अन् ह्यो बंकट तर हरलता!" हनुमान म्हणाला.

"मी न्हाई हरलो," बंकट उठून उभाच राहिला. "तू कॅच सोडलास, म्हणून शाळा हरली. हातात आलता बॉल तुझ्या. तवापासून कवा बी बुंदी पाडायला बसलो की त्योच कॅच दिसतो मला!"

आवाज वाढत गेले. सर मधोमध बसून तिघांकडं आळीपाळीनं बघत होते. कितीतरी पोरं त्यांनी शिकवली, आणि शेवटी हाती हे तीन रुसलेले जावई लागले. लेक उघड्या माळावर, अंधारात, पाहुण्यांना उपाशी ठेवून सासरी जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसायला लागलं. तेवढ्यात अपेक्षा चहाचा ट्रे घेऊन आली. सरांना एकदम आठवलं. राखेवर उभी असलेली काटकुळी पोर, वेणी टोपीत कोंबलेली.

"ऐका रे," सर म्हणाले. "एक नंबर अपेक्षा."

तिघांनी एकदम अपेक्षाकडं बघितलं.

"पोरींची टीम एका साली विभागाला पात्र झाली होती. सगळा सीझन हिनंच टाकला. एकही मॅच हरली नाही. तुमच्यात आहे का असा कुणी?"

हनुमाननं सोमेश्वरकडं बघितलं, सोमेश्वरनं बंकटकडं. आपण पहिले नाही, पण हे दोघंही नाहीत, ही गोष्ट तिघांच्या डोक्यात एकदमच शिरली असावी. तिघांचे चेहरे उजळले.

"ताई असल तर मग इषयच न्हाई," बंकट म्हणाला आणि चहाला हात लावला.

"जनरेटर रातच्याला नीट करून घेतो," हनुमान म्हणाला.

"खांब काय, आलेच म्हणून समजा," सोमेश्वर म्हणाला.

हळदीच्या दिवशी सकाळपासूनच कार्यालयात गडबड उडाली. स्टेज उभं राहत होतं, मागच्या अंगाला बंकटची कढई तापली होती. सर कोपऱ्यातल्या गादीवर टेकले होते. हळदीनं पिवळी झालेली अपेक्षा शेजारी येऊन बसली.

"अप्पा, खरं सांगा. मी एक नंबर, हे मनातून म्हणलात का मांडवासाठी?"

सरांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. तेवढी ताकदच उरली नव्हती. "तोंडात आलं मांडवासाठी. पर बोललो आन् कळलं, खरंच हाय की. इतकी वर्षं पिचर म्हणलं की मला पोरंच आठवली, घरातली पोरगी न्हाई. लाज वाटली बघ मला."

अपेक्षाचे डोळे भरून आले, आणि मग ती हसायलाच लागली.

"अप्पा, त्या साली मी एकच मॅच खेळले. बाकीच्या शाळांच्या पोरी आल्याच न्हवत्या. त्या एका मॅचला बी समोर नवाच्या जागी आठच जणी."

"आन् विभागाला?"

"विभागाला तुमी आमाला नेलंच न्हाई. त्याच दिवशी पोरांची मॅच व्हती."

तिनं त्यांचा हात हातात घेतला, तोही पिवळा झाला.

"खरा भारी बंकटदादाच," ती हळूच म्हणाली. "तापात टाकत व्हता ते मी फाटकावर बसून बघितलंय. एकदा सांगा त्याला. पर आज न्हाई. आधी लग्न लागू द्या."

ती गेली आणि सरांनी पाठ टेकली. तेवढ्यात गरम बुंदीची प्लेट घेऊन बंकट आला. इकडंतिकडं बघत तो गादीच्या कडेला बसला.

"सर, आपल्यातच ऱ्हाऊ द्या. ताई एक नंबर, कबूल. पर दोन नंबर कोण?"

जनरेटरपाशी वाकलेला हनुमान तसाच थांबला. शिडीवर सोमेश्वरचा हातोडाही थांबला. सरांना त्या घामेजलेल्या माणसाला खरं सांगून टाकावंसं फार वाटलं. त्यांनी मान वळवून स्टेजकडं बघितलं. अर्धे खांब अजून नुसतेच उभे होते. सरांनी डोळे मिटले आणि झोप यायच्या आधीच घोरायला सुरुवात केली.