अंधाराचा जाहीर सत्कार

पुण्यात मोठं व्हायचं असेल तर माणसाला आधी पुणं सोडावं लागतं, आणि आपण नेमके किती मोठे झालो आहोत हे कळण्यासाठी परत पुण्यातच यावं लागतं. (मधल्या काळात इतर गावांनी केलेलं कौतुक येथे ग्राह्य धरलं जात नाही.)

श्यामसुंदर दीनानाथ वडके याने या दोन्ही अटी रीतसर पूर्ण केल्या होत्या. कसबा पेठेत तांब्याची भांडी घडवणाऱ्या घरातला हा मुलगा छायाचित्रणाची पदविका घेऊन १९६९ साली तीन महिन्यांच्या कामासाठी मद्रासला गेला आणि एकोणीस वर्षं राहिला. तमिळ त्याला येत नव्हतं. पहिल्या आठवड्यात तो ‘उजेड’, ‘अजून उजेड’ आणि ‘जेवण’ एवढे शब्द शिकला, आणि तेवढ्यावर त्याचे पहिले दोन चित्रपट विनातक्रार पार पडले.

नायकांना तो फार आवडे. तो कोणाला वय विचारत नसे. दिवे लावून ते स्वतःच ठरवत असे. एका नायकाला तर त्याने सलग सहा वर्षं बत्तिसाव्या वर्षी थांबवून धरलं होतं. (या मुदतीत नायकाच्या मुलीचं लग्न होऊन तिला दोन मुलं झाली, पण पडद्यावर त्याचा काही परिणाम दिसू दिला गेला नाही.)

असे सत्तावीस चित्रपट झाले. अठ्ठाविसाव्याच्या बाराव्या दिवशी दिग्दर्शक नायकाशी भांडून गावी निघून गेले. निर्मात्याने सेटवर नजर फिरवली आणि श्यामसुंदरला म्हटलं, “तुम्ही रोज सगळ्यांच्या आधी येता. तुम्हीच करा.”

दिग्दर्शकाची निवड इतक्या काटेकोर निकषावर क्वचितच झाली असेल.

कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देऊन श्यामसुंदर खुर्चीत बसला, आणि या दोन पदांमधला फरक त्याला त्याच दिवशी कळला. कॅमेरामनला लोक विचारतात. दिग्दर्शकाला लोक सांगतात. पहिल्या सोळा दिवसांत त्याला एकूण एकशे चार सूचना मिळाल्या. त्यांत निर्मात्याच्या एकेचाळीस, नायकाच्या सदतीस, नायिकेच्या आईच्या पंचवीस आणि सेटवर भात वाढणाऱ्या म्हाताऱ्याची एक. श्यामसुंदरने फक्त ती शेवटची मान्य केली.

म्हातारा म्हणाला होता, “आई रडेल तेव्हा तिचं तोंड दाखवू नका, साहेब. माझी आई रडायची असली की आधी दिवा मालवायची.”

त्या एका वाक्यासाठी श्यामसुंदरने मिळालेली कथा उचकटून पुन्हा बांधली. शहरात गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई. (मुलगा म्हणजे आपले बत्तीस वर्षांचे नायक, आई झालेली नटी त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान होती.) मुलगा येणार नाही असं पत्र येतं. ती दिवा मालवते. पुढची चार मिनिटं पडद्यावर अंधार, आणि त्यात फक्त एका तांब्याच्या हंड्याचा काठ तेवढा चमकतो.

वितरक म्हणाले, लोकांना वाटेल यंत्र बिघडलं. तसंच झालं. मदुरेत पहिल्या खेळाला प्रेक्षकांनी खुर्च्या बडवल्या. तेव्हा थिएटरमालकाने दाराशी पाटी लावली: ‘यंत्र ठीक आहे. दिग्दर्शकाने हे मुद्दाम केले आहे.’ मग नेमकं काय दिसत नाही हे पाहायला लोक लांबून येऊ लागले, आणि चित्रपट एकशे बारा दिवस चालला.

ही वार्ता १९८८ च्या सुमारास वर्तमानपत्रातल्या चार ओळींच्या रूपाने पुण्यात पोचली आणि कोथरूडच्या सुहृद कलारसिक मंडळाच्या नजरेस पडली. वडके पुण्याचे आहेत हे सिद्ध होताच त्यांचा सत्कार करणं मंडळाला भाग पडलं. चित्रपट तमिळ असून तो एकाही सभासदाने पाहिलेला नव्हता, ही अडचण होती. त्यावर ठराव झाला की, प्रशंसा करण्यासाठी चित्रपट पाहणे आवश्यक नाही. उलट पाहिल्यास मतभेद संभवतात. ठराव एकमताने संमत झाला. (चित्रपट पाहिला असता तर तो झाला नसता, हेही मंडळाने नोंदवून ठेवलं.)

श्यामसुंदरने उलट टपाली एकच अट घातली: चित्रपट दाखवा. माझ्या वडिलांनी माझं एकही काम पाहिलेलं नाही.

ते खरं होतं. दीनानाथ वडके अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. “मद्रासची भाषा मला काय कळणार?” असं ते म्हणत. वास्तविक साठ वर्षं हातोडीच्या आवाजात बसून त्यांच्या कानांनी केव्हाच राम म्हटला होता. मराठीही त्यांच्यापर्यंत तुकड्यातुकड्यानेच पोचे. मुलगा काय करतो, असं कोणी ओरडून विचारलं तर ते सांगत, “मद्रासला दिव्यांचं बघतो.” पेठेत सर्वांची समजूत होती की श्यामसुंदर वीज मंडळात आहे.

कार्यक्रम रविवारी सकाळी नऊला, सोसायटीच्या हॉलमध्ये. बाराला तिथे शिकवणीचा वर्ग भरत असल्याने वेळ काटेकोर पाळण्याचं ठरलं, आणि वेळ पाळण्याचं महत्त्व सांगण्यात पहिली पंचवीस मिनिटं गेली. वक्ते अकरा होते. तिसऱ्या वक्त्याने दक्षिणेतली देवळं घेतली, पाचव्याने कॉफी. आठव्याने, आपल्याला या विषयातलं काही कळत नाही, हे अर्धा तास पुराव्यांसह सिद्ध केलं.

श्यामसुंदर व्यासपीठावर शाल पांघरून बसला होता. मांडीवर नारळ होता आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. पहिल्या रांगेत दीनानाथ काळी टोपी नीट करून, कोऱ्या पडद्याकडे एकटक पाहत बसले होते. त्यांना वाटत होतं, चित्रपट सुरू झाला आहे.

साडेअकराला श्यामसुंदरला राहवेना. तो सचिव श्रीधरराव ओगल्यांच्या कानाशी लागला. “अहो, चित्रपट दोन तास दहा मिनिटांचा आहे.”

“असं?” श्रीधरराव म्हणाले. “मग त्यातलं जे बरं असेल तेवढं दाखवा. पण अकराव्या वक्त्यांना दुखवता येणार नाही, ते अध्यक्षांचे साडू आहेत.”

साडू बाराला पंधरा कमी असताना थांबले. श्यामसुंदरने डब्यांच्या चळतीतून एक रीळ काढलं आणि स्वतःच्या हाताने यंत्रावर चढवलं.

पत्र आलं. आईने दिवा मालवला. पडद्यावर अंधार पसरला, आणि लगेच हॉलमध्ये “फोकस! फोकस!” सुरू झालं. श्रीधरराव तत्परतेने उठले आणि त्यांनी हॉलच्या आठही ट्यूबलाइट लावल्या.

“बंद करा हो ते!” श्यामसुंदर ओरडला. “बिघाड नाही. अंधारच आहे तो!”

“अंधारच दाखवायचा होता,” श्रीधरराव शांतपणे म्हणाले, “तर आम्ही सकाळपासून खिडक्यांना घोंगड्या कशाला बांधल्या?”

इतक्यात पहिल्या रांगेतून, ठार बहिरी माणसं काढतात तसा आवाज आला. “श्याम! अरे, तो हंडा माझ्या हातचा!”

श्यामसुंदर यंत्र सोडून वडिलांपाशी आला. हा हंडा त्यानेच घरातून मद्रासला नेला होता. तमिळ घरात असा हंडा नसतो, असं कलादिग्दर्शकाने तीनदा बजावूनही तो त्याने तिथे ठेवला होता.

“दादा, तुम्हाला दिसला?” तो त्यांच्या कानात ओरडला.

“न दिसायला काय झालं? काठाला माझा एक ठोका चुकलाय, तोही दिसला. अंधार होता तोवर सगळं दिसत होतं. आता या लोकांनी दिवे लावले, कशाला काय दिसतंय!” मग त्यांनी विचारलं, “बाई रडत होती ना?”

“हो.”

“तोंड दाखवलं नाहीस ते बरं केलंस.”

श्यामसुंदर यंत्रापाशी खाली बसला आणि जमिनीवर सुटलेली फिल्म गुंडाळू लागला. गुंडाळायला बराच वेळ लागला. चार मिनिटांचं काम त्याने मान वर न करता चांगलं दहा मिनिटं केलं. एव्हाना दारात शिकवणीची मुलं वह्या घेऊन उभी होती आणि मास्तर घड्याळ दाखवत होते.

मंडळाच्या इतिवृत्तात या दिवसाची नोंद अशी आहे: ‘चित्रपट सर्वांना अतिशय आवडला. उजेडाची व्यवस्था सचिवांनी उत्तम ठेवली.’ फक्त एक रकाना कोरा राहिला आहे, चित्रपटाच्या नावाचा. अकरा वक्त्यांपैकी ते कोणी घेतलं नाही आणि दोनशे श्रोत्यांपैकी कोणी विचारलं नाही.

मंडळाला हसण्याआधी एवढंच ध्यानात घ्यावं, की आपणही इथवर सगळं वाचलंत, त्या चार मिनिटांविषयी आपलं अनुकूल मतही झालं असेल, आणि नाव आपणही विचारलेलं नाही. मंडळाच्या आजीव सभासदांची यादी खुली आहे. आपल्याला प्रवेशाची मुलाखत माफ.